वृकमानव मराठीत का रुजला नाही?

मराठी भयकथेचा इतिहास पाहू गेल्यास एक अनुपस्थिती जाणवते. पाश्चात्त्य भयसाहित्यातील रक्तपिपासू पिशाच मराठीत आले आणि येथल्या पडक्या वाड्यांत नांदू लागले; परंतु पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस मात्र येथे पाहुणाच राहिला. या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला आधी नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याकडे आणि मग सातारा-सांगलीच्या लोकधर्माकडे वळावे लागते.

धारपांनी परकीय बीजे मोकळेपणाने घेतली. 'लुचाई'मागे स्टीफन किंग यांची 'सालेम्स लॉट' (१९७५) आणि 'शपथ'मागे 'इट' (१९८६) असल्याचे वाचकांनी केव्हाच ओळखले आहे. तथापि त्यांची निवड पाहण्यासारखी आहे. त्यांच्या गाजलेल्या मालिकेचा नायक 'समर्थ' आहे आणि सोबतीला अप्पा जोशी आहेत. ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची खरी. पण 'समर्थ' म्हणताच मराठी वाचकाला साताऱ्याजवळचा सज्जनगड आठवतो. अमानवी शक्तीशी झुंजणाऱ्याला साधनेचे बळ हवे, ही अपेक्षा त्या एका नावानेच पुरी होते. पिशाचासही येथे जागा तयारच होती. आपल्याकडे अतृप्त मृतात्म्यांची वाण कधीच नव्हती.

वृकमानवाचे तसे नाही. किंग यांची 'सायकल ऑफ द वेअरवुल्फ' १९८३ची; म्हणजे सामग्री हाताशी होती. मग अडले कोठे? युरोपीय वृकमानवाचे भय मानव आणि पशू यांच्यातील सीमा मोडण्यातून निर्माण होते. आमच्या मते, कृष्णाकाठी ही सीमा मोडणे हे पापच मानले गेले नाही. वाईजवळ धोम येथे आणि वाळवे तालुक्यातील कोळे नरसिंहपुरात अर्धा सिंह, अर्धा मनुष्य असा देव पूजला जातो. कराड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. खंडोबाचा वाघ्या नावानेच वाघ आहे. कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खाण्याचा त्याचा विधी अभ्यासकांनी नोंदवला आहे. रा. चिं. ढेरे यांचे 'खंडोबा' (१९६१) आणि गुंथर सोन्थायमर यांचे लेखन या संदर्भात अवश्य पाहावे. जेथे माणूस भर जत्रेत, देवासमोर पशू होतो, तेथे चोरून लांडगा होणाऱ्याची दहशत कशी बसावी?

खुद्द लांडगाही माणदेशात गूढ नाही. धनगराच्या दृष्टीने तो कळपातले कोकरू नेणारा शत्रू आहे. त्याच्याशी कुत्र्यांच्या आणि काठीच्या जोरावर लढता येते. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त (१९५५) गाव उठवले, ते कोण्या श्वापदाकरवी नव्हे, तर दुष्काळाकरवी.

येथे एक सावधगिरी हवी. वाघ्याच्या परंपरेला केवळ सामंजस्याचे प्रतीक ठरवणे सोयीचे होईल, पण अपुरे ठरेल. नवसापोटी मूल देवाला वाहिले जाई. त्या मुलाला कोणी विचारीत नसे. मुरळी सोडण्याच्या प्रथेतील शोषण तर कायद्याने निषिद्ध ठरवावे लागले. म्हणजे भयाचे स्थान होतेच. मात्र ते पशू होणाऱ्यात नसून त्याला वाहणाऱ्यांत होते. आपल्या मातीतील खरी वृकमानवकथा लिहायची झाल्यास ती तेथून सुरू व्हावी.

समीक्षेने धारपांना दीर्घकाळ वाचनालयांच्या कपाटात ठेवले. 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटानंतर, त्यामागील प्रेरणांत धारपांची कथा असल्याने, त्यांचे नाव नव्या वाचकांपर्यंत पोहोचले. पण चर्चा पुन्हा 'मूळ की उसने' या प्रश्नाशीच घोटाळली. आम्हांला तो प्रश्न गौण वाटतो. उसने घेतलेल्यातले काय रुजले आणि काय करपले, याची नोंद घेतली तर समाज कशाला भितो हे कळते; आणि कशाला भ्यायचे राहून गेले, हेही. धारपांचे वाचन वर्गात व्हावे, ते यासाठी.