पनवेलची जुनी पेठ

तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास निघतो, असा आमच्या कोकण किनाऱ्यावरील खलाशांचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, पौर्णिमेस व अमावास्येस साडेअकरा-बाराच्या सुमारास मुंबईच्या बंदरात पाणी पुरे भरते. हिशेब अदमासाचा खरा, परंतु एके काळी मुंबईहून पुण्यास निघणाऱ्या माणसाला पंचांगातील शुभ मुहूर्ताइतकीच ह्या हिशेबाची चौकशी करावी लागे. कारण पुण्याच्या वाटेचा पहिला टप्पा पाण्यावरचा होता आणि तो पनवेलच्या बंदरात संपत असे. पनवेल हे खाडीच्या अगदी टोकाचे बंदर. भरतीचे पाणी असेल तरच मचवा धक्क्यापर्यंत यावयाचा. सुकती लागली की तो वाटेतच गाळात बसावयाचा, आणि पुढील भरती येईपर्यंत उतारूंनी आकाशाकडे पाहात बसावयाचे.

ही जुनी पेठ एका दिवसात पायी पाहून होण्यासारखी आहे. मात्र ती पाहणाऱ्याने पनवेलास एकदम न उतरता तळोज्याहून यावे, अशी माझी सूचना आहे. तळोजे आणि पनवेल यांत तीन कोसांचेदेखील अंतर पुरते नसेल. दोहोंनाही खाडीचा शेजार. दोहोंकडे आगरी-कोळी वस्ती जुनी, कोकणी मुसलमानांचीही जुनी. दोहोंभोवती भाताची खाचरे आणि खारीचे बांध. हे बांध हा उत्तर कोकणच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पराक्रम होय. समुद्राच्या पाण्याला मातीचा बांध घालून आतली जमीन पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊन काढावयाची, आणि मग तीत भात पेरावयाचे. ह्या उद्योगात भांडवल व मेहनत घालणाऱ्याला शिलोत्रदार म्हणत, आणि त्याच्या हक्काला मराठी राज्यात व पुढे इंग्रजी अमलातही मान्यता होती. आज तळोज्याची ओळख कारखान्यांची वसाहत म्हणून आहे. कासाडी नदीच्या पाण्याविषयी जे ऐकू येते ते कारखान्यांच्या संदर्भातच, आणि ते चांगले नसते. २०२३ च्या नोव्हेंबरापासून बेलापूरहून निघणारी मेट्रो गाडीही तळोज्यावरून पेंधरपर्यंत धावू लागली आहे.

मग एकाच पाण्यावरच्या ह्या दोन गावांपैकी एक खेडे राहिले आणि दुसऱ्याची पेठ झाली, ती का? पनवेलात हिंडताना हा प्रश्न मनाशी ठेवावा, म्हणजे गल्ल्यांना अर्थ येतो. माझ्या मते उत्तर डोंगरांत आहे. पनवेलास उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर प्रबळगडाचा सपाट माथा दिसतो. दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. ह्या दोहोंच्या दरम्यानच्या मोकळ्या पट्टीतून चौक व खालापूर यांवरून वाट बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस जाते. खाडीचे पाणी जेथे संपते तेथेच घाटाची वाट सुरू होते, असे ठिकाण ह्या टापूत पनवेलसारखे दुसरे नाही. तळोज्याला पाणी होते, परंतु पुढे वाट नव्हती.

पनवेलचा व्यापार पुरातन आहे. सोळाव्या शतकात त्याचा बंदर म्हणून उल्लेख सापडतो. परंतु त्या काळी घाटावरच्या मालाचे मुख्य बंदर कल्याण हे होते. पनवेलचे भाग्य उघडले ते मुंबईच्या भाग्याबरोबर. १८०३ साली जनरल वेलस्ली (पुढे ज्याने वॉटर्लू जिंकली तोच) पुण्यात येऊन बसला, तेव्हा त्याच्या फौजेची रसद मुंबईहून याच मार्गाने जाई, आणि दुसऱ्याच वर्षी घाटातून तोफा नेण्याजोगी वाट तयार करण्यात आली. मालाची मोठी वाहतूक मात्र तरीही बैलांच्या पाठीवर आणि हमालांच्या डोक्यावरच चाले. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचा बिशप हीबर पनवेलास उतरून पुण्यास गेला. पावसाळ्यात उघड्या समुद्रावरची गलबते बंद होत. पनवेलची वाट आतल्या बंदरातून व खाडीतून असल्यामुळे ती चालू राही, हाही तिचा एक मोठा गुण होता. शेवटी १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून पुण्याच्या आडत्याने भरलेली गाडी बैल न सोडता थेट पनवेलच्या धक्क्यावर येऊ लागली. घाटावरून धान्य, गूळ, कापूस, तेल यावे. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी, कापड, धातूची भांडी जावीत.

येथे पेठेच्या रचनेचे मर्म येते. गाडी आपल्या वेळेने येते, मचवा चंद्राच्या वेळेने सुटतो. ह्या दोन घड्याळांचा मेळ रोज बसत नाही. भरती दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. मग जो आला त्याला थांबणे भाग. सकाळी उतरलेल्या गाडीवानाला मालाच्या उतरणीसाठी दुपारपर्यंत, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम पडावयाचा. रात्रीच्या भरतीने उतरलेल्या मुंबईकराला उजाडेपर्यंत कोठे तरी पाठ टेकावयाची. पनवेल हे गाव ह्या थांबण्यातून उत्पन्न झाले आहे. धर्मशाळा, वखारी, खानावळी, बैलांच्या पाण्याची सोय, भिन्न भिन्न जातींची व धर्मांची देवालये, असे जे जे तेथे दिसते ते सर्व मुक्कामाच्या माणसासाठी आहे.

कोळीवाड्याकडून आत शिरावे. आज तेथे मासळीचा बाजार गजबजलेला असतो. मोठे मचवे येत नाहीत, गाढी नदीने आणलेल्या गाळाने खाडी बरीच उथळ झाली आहे. तेथून पेठेकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि घरे रस्त्याला दर्शनी बाजूने आखूड पण मागे लांबच लांब. पुढे दुकान, त्यामागे कोठार, त्यामागे राहण्याचे घर आणि शेवटी परसू. असे घर व्यापाऱ्याचेच असावयाचे, कारण रस्त्यावरील प्रत्येक हात जागेला मोल होते. मिरची गल्ली हे नाव अजून तोंडात आहे. घरांचे वय ओळखण्यास एक साधी खूण सांगतो, ती अचूक नसली तरी उपयोगी आहे. मंगळूरची चपटी कौले १८६५ नंतर कारखान्यांत होऊ लागली. त्याआधीचे छप्पर गावच्या कुंभाराच्या नळीच्या कौलांचे असे. पुढील छप्पर मंगळुरी आणि मागील पडवी नळीची, असे घर कोठे दिसले, तर त्याच्या मालकाने पुढची बाजू पैसा आल्यावर सुधारली आणि मागची तशीच ठेवली, असे खुशाल समजावे. माणसाचा स्वभाव छपरालाही सुटत नाही! ही लाकडी घरे मात्र वर्षावर्षाला कमी होत आहेत, आणि त्यांच्या जागी उठणाऱ्या सिमेंटच्या इमारतींना मागे परसू नाही.

पेठेतून थोडे बाहेर पडले की तळी लागतात. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे अशी त्यांची नावे. इतक्या लहान गावाला इतकी तळी कशासाठी, असा विचार बाहेरच्या माणसाच्या मनात येतो. खाडीचे पाणी खारे. विहिरींच्या पाण्यालाही भरतीची बाधा होण्याचा संभव. उलट रोज शेकडो बैल घाट उतरून तहानलेले येणार. गावच्या लोकांपुरते पाणी साठविणे हा घरगुती प्रश्न असतो. वाटेवरच्या जनावरांसाठी साठविणे हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न असतो. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळताच अवघ्या दोन वर्षांत, १८५२ साली, पनवेलास नगरपालिका झाली. मोठमोठी शहरे ह्या कायद्याकडे नव्या पट्टीच्या भीतीने पाहात असता पनवेलने तो उचलला, यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्या गावात रोज परका माणूस उतरतो, त्याला झाडलोट, दिवाबत्ती आणि पाणी यांची निकड इतरांहून आधी कळते.

विश्राळे ह्या नावाचा संबंध इस्रायल ह्या शब्दाशी लावतात. व्युत्पत्तीच्या भानगडीत मी पडत नाही. पण पनवेलात बेने इस्रायल लोकांची वस्ती जुनी आहे यात शंका नाही. कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. बेथ एल नावाचे त्यांचे प्रार्थनामंदिर पनवेलात १८४९ साली बांधले गेले, म्हणजे घाटरस्त्याच्या भरभराटीच्या ऐन काळात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलास गेली. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाणी मंदिरात शिरून मोठी हानी झाली. तरी इमारत उभी आहे. मराठी बोलणाऱ्या, घरात मराठी गाणी म्हणणाऱ्या समाजाचे हे स्थान आपल्याकडील शिकलेल्या मंडळींपैकी किती जणांनी पाहिले असेल, हा प्रश्न विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

ह्या पेठेचा खास धंदा कोणता, असे मला विचाराल तर मी गाड्यांच्या चाकांचे नाव घेईन. मागील शतकातील सरकारी गॅझेटिअरांनीही त्याची नोंद केली आहे. घाटाच्या उतरणीवर चाकाची जी दशा होते ती ज्याने भरलेली गाडी उतरवली आहे त्यालाच कळेल. तुंब्यात आरे सैल होतात, पाटे उलतात, लोखंडी धाव सरकते. असे खिळखिळे चाक घेऊन परत चढणीस लागणे म्हणजे बैलांचा जीव धोक्यात घालणे. म्हणून परतीचे मीठ भरण्यापूर्वी गाडीवान सुताराच्या दारी जाई, आणि नवी जोडी घालूनच घाटाकडे वळे. लाकूड कर्नाळा-प्रबळच्या रानातून मिळे, लोखंड मुंबईच्या बंदरातून येई. धाव भट्टीत लाल करून चाकावर बसवावी आणि वर पाणी ओतावे, म्हणजे ती आकसून आऱ्यांना आवळून धरते. ह्या एका क्रियेसाठी सुतार, लोहार आणि पाणक्या असे तिघे एकाच क्षणी तयार लागतात.

१८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी गेली, तेव्हा पनवेलकरांनी ती कौतुकाने ऐकली असेल. १८५६ साली ती खोपोलीपर्यंत पोहोचली. तेथेच खरा घाव बसला. मुंबईहून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाण्यास आता मचवा नको, भरती नको, तिथी नको. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे प्रवास अखंड झाला. खुद्द पनवेलास रेल्वे येण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पेठ मात्र एका दिवसात मेली नाही. भात, मीठ, आणि तालुक्याची कचेरी ह्यांवर ती तगून राहिली. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला. मागे वनस्पतींचे रान आणि पुढे मुंबईचे गिऱ्हाईक, ही जागा त्यांनी हेरली असावी असे मला वाटते. माणसे मात्र घाट चढून जाऊ लागली. पनवेलच्या दक्षिणेस शिरढोण हे खेडे आहे. कर्नाळ्याचे किल्लेदार फडके यांचे हे गाव. किल्ला १८१८ साली इंग्रजांकडे गेला. किल्लेदाराचा नातू वासुदेव बळवंत १८४५ साली जन्मला, त्याने काही काळ त्याच आगगाडीच्या कंपनीत कारकुनी केली, मग पुण्यास लष्करी हिशेबखात्यात चाकरी केली, आणि १८७९ साली सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल जन्मठेप भोगण्यास एडनला गेला. तेथेच १८८३ साली तो वारला.

मोटारी आल्यावर पनवेलला पुन्हा काही दिवस बरे आले. ठाण्याहून मुंब्र्यावरून येणारा रस्ता तळोज्याजवळून पनवेलास येई आणि तेथून घाटाकडे जाई. पुढे १९७० नंतरच्या दशकात ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, २००२ साली कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग झाला, आणि आता पुण्याच्या प्रवाशाला पनवेलात चहा पिण्याचेही कारण उरले नाही. खाडीच्या मुखाशी उलव्याची टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून जो विमानतळ बांधला त्याचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. पनवेलच्या जमिनीला आज जो भाव आहे तो ह्या विमानतळाचा आहे, आणि जुनी घरे त्या भावानेच पडत आहेत.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती पनवेलच्या तरुण मंडळींना आहे. पेठेतील जी लाकडी घरे उभी आहेत त्यांची दर्शनी रुंदी, खोली, कौलांचा प्रकार आणि मूळ मालकाचा धंदा, एवढे एका वहीत उतरून काढावे. सुट्टीच्या चार दिवसांचे हे काम आहे. चाके करणाऱ्या सुतारांच्या घरांपासून आरंभ करावा. त्या घराण्यांतील वृद्ध माणसे अद्याप असतील, आणि तुंब्याला किती आरे घालीत, ते त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले असेल.