युरोपची वीज: कोळशानंतर काय?

लंडनमधील हॉलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि जगात एका नव्या युगाला आरंभ झाला. त्याच ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील आपले अखेरचे कोळसा-वीजकेंद्र बंद केले. कोळशाला निरोप द्यायचा, याविषयी पश्चिम युरोपात आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्याची जागा कोणी घ्यायची याविषयी. युरोपीय महासंघाने २०५० पर्यंत निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन २०२१ च्या कायद्याने स्वीकारले. मात्र वीज कशापासून निर्माण करावी, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सदस्य देशाने आपल्याकडेच राखला आहे. परिणामी ऱ्हाईन नदीच्या एका तीरावर अणुभट्ट्यांना कायमचे टाळे लावणारा जर्मनी, तर दुसऱ्या तीरावर नव्या अणुभट्ट्यांची घोषणा करणारा फ्रान्स, असे चित्र दिसते.

केवळ उत्सर्जनाचा निकष लावला, तर तुलना सोपी आहे. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालात खाणकाम, बांधकाम आणि इंधन असा सर्व हिशेब धरून जे मध्यम आकडे दिले, त्यांनुसार विजेच्या एका युनिटमागे कोळशापासून सुमारे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूपासून ४९० ग्रॅम, सौरऊर्जेपासून ४० ते ५० ग्रॅम, तर अणुऊर्जा आणि पवनऊर्जा यांपासून अवघे ११ ते १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. परंतु वीज ही साठवून ठेवण्यास अवघड वस्तू आहे. ती हवी त्या क्षणी, हवी तेवढी आणि परवडेल अशा दरात मिळावी लागते. येथे प्रत्येक स्रोताचे दोष उघडे पडतात.

अणुऊर्जेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या फ्रान्सने पंतप्रधान पिएर मेस्मेर यांच्या काळात, १९७४ मध्ये अणुवीज कार्यक्रमाला प्रचंड गती दिली. पुढील दोन दशकांत पन्नासहून अधिक अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि देशाची दोन तृतीयांशांहून अधिक वीज त्यांतून मिळू लागली. एकाच नमुन्याच्या अनेक अणुभट्ट्या ओळीने बांधण्याचे हे कौशल्य पुढे मात्र हरवले. ईपीआर या नव्या पद्धतीच्या अणुभट्टीचे काम फ्लामान्व्हिल येथे २००७ मध्ये सुरू झाले. ती ३.३ अब्ज युरो खर्चून २०१२ मध्ये पूर्ण होणार होती. प्रत्यक्षात तिची वीज जाळ्यात आली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च १३ अब्जांच्या पुढे गेला. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील याच पद्धतीच्या अणुभट्टीचे काम २००५ मध्ये सुरू झाले. तिची नियमित वीजनिर्मिती २०२३ उजाडल्यावर सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रस्तावित असलेल्या सहा अणुभट्ट्याही याच पद्धतीच्या असल्याने हा अनुभव मराठी वाचकानेही ध्यानात ठेवावा असा आहे.

जुन्या अणुभट्ट्यांचेही सारे आलबेल नाही. २०२२ मध्ये पाइपांतील गंजामुळे पडलेले भेगांचे जाळे आणि लांबलेली देखभाल यांमुळे फ्रान्सच्या ५६ पैकी निम्म्याहून अधिक अणुभट्ट्या एकाच वेळी बंद होत्या. वीज निर्यात करणारा हा देश चार दशकांनंतर प्रथमच निव्वळ आयातदार ठरला. दुसरीकडे ऑस्ट्रियाने झ्वेन्टेनडॉर्फ येथे पूर्ण बांधून तयार झालेले अणुवीज केंद्र १९७८ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने नाकारले आणि ते कधीच सुरू झाले नाही. जर्मनीने फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर २०११ मध्ये घेतलेला निर्णय अमलात आणून १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या अखेरच्या तीन अणुभट्ट्या थांबविल्या. मात्र तेथे कोळशाला कायद्याने २०३८ पर्यंतची मुदत आहे. ८२० आणि १२ हे आकडे शेजारी ठेवले, तर हा क्रम उलटा लागला असे म्हणावेसे वाटते.

नैसर्गिक वायूचा धडा अधिक महागडा ठरला. वायूवरील केंद्रे स्वस्तात उभी राहतात, मागणीनुसार चटकन कमी-जास्त करता येतात आणि कोळशाच्या तुलनेत बरीच स्वच्छ असतात. म्हणूनच संक्रमणकाळातील इंधन म्हणून युरोपने त्यांवर भिस्त ठेवली. २०२१ मध्ये महासंघाच्या वायू आयातीपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या रशियाचा होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर हा पुरवठा आटला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वायूचा घाऊक दर मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. युरोपच्या बाजारात विजेचा दर बहुतेक वेळा सर्वांत महाग केंद्रावरून ठरत असल्याने, ज्या घरांत वायूची वीज क्वचितच येते त्यांचेही बिल फुगले.

वारा आणि सूर्य यांना कोणी नळ बंद करून धमकावू शकत नाही, हा त्यांचा राजकीय गुण यानंतर अधिक उठून दिसला. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी येथे जगातील पहिली सागरी पवनचक्की-वसाहत उभारली, तेव्हा तिच्या ११ चक्क्यांची एकत्रित क्षमता जेमतेम ५ मेगावॉट होती. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. २०२४ मध्ये महासंघातील सौरविजेचा वाटा ११ टक्क्यांवर पोहोचला आणि त्याने प्रथमच कोळशाला मागे टाकले.

तथापि हिवाळ्यात आभाळ भरलेले आणि वारा पडलेला, अशा दिवसांसाठी जर्मन भाषेत ‘डुंकेलफ्लाउटे’ असा खास शब्दच आहे. १२ डिसेंबर २०२४ च्या अशाच एका संध्याकाळी जर्मनीत विजेचा दर मेगावॉट-तासाला ९०० युरोंच्या वर गेला. त्याच वर्षी ४५७ तास तो शून्याच्याही खाली होता. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल काही तास अंधारात गेले, तेव्हा अनेकांनी सौरऊर्जेवर बोट ठेवले. चौकशीत मात्र जाळ्यातील व्होल्टेज आवरण्याची व्यवस्था अपुरी पडल्याचे दिसून आले, आणि त्यात पारंपरिक केंद्रेही कमी पडली होती.

म्हणजे खरा प्रश्न साठवणुकीचा आणि वहनाचा आहे. बॅटऱ्या काही तासांची गरज भागवितात. पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे उदंचन जलविद्युत प्रकल्प (आपल्याकडील घाटघरचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो) त्याहून मोठा साठा करतात, पण त्यांना डोंगर लागतात. नॉर्वेकडे डोंगरही आहेत आणि जलाशयही. त्याची सुमारे ९० टक्के वीज पाण्यापासून मिळते. २०२१ मध्ये समुद्रतळावरून टाकलेल्या १,४०० मेगावॉटच्या ‘नॉर्डलिंक’ केबलने तो जर्मनीशी जोडला गेला. पण जर्मनीतील वारा पडला की दक्षिण नॉर्वेतील बिले वाढतात, ही तेथील ग्राहकांची तक्रार आहे. जानेवारी २०२५ मध्ये महासंघाच्या ऊर्जाविषयक नियमांवरून मतभेद होऊन सेंटर पार्टी हा घटक पक्ष नॉर्वेच्या सरकारमधून बाहेर पडला.