तोनेगावा, सुसुमू

(जन्म : ५ सप्टेंबर १९३९). जपानी रेणवीय जीववैज्ञानिक. प्रतिपिंडांची (परक्या पदार्थांना जखडणाऱ्या, रक्तातील प्रथिनांची) विविधता निर्माण होण्यामागील आनुवंशिक तत्त्व शोधून काढल्याबद्दल त्यांना १९८७ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा जन्म नागोया येथे झाला. क्योटो विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी (१९६३) घेतल्यावर ते अमेरिकेस गेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेतून पीएच्.डी. झाले (१९६८). पुढे सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रेनातो डल्बेको यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. अमेरिकेतील वास्तव्याची मुदत संपत आल्याने डल्बेको यांच्या सूचनेवरून ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत दाखल झाले (१९७१).

त्या काळी एक कोडे अनुत्तरित होते. शरीर लक्षावधी प्रकारची प्रतिपिंडे तयार करू शकते. मात्र प्रत्येकासाठी वेगळा जीन मानल्यास आनुवंशिक सामग्री अपुरी पडते. प्रतिपिंडाच्या साखळीतील परिवर्ती व स्थिर भागांचे जीन वेगळे असून ते नंतर जोडले जात असावेत, अशी कल्पना ड्रायर व बेनेट यांनी १९६५ मध्ये मांडली होती. तथापि शरीराच्या सर्व कोशिकांतील डीएनए एकसारखाच असतो, ही समजूत दृढ असल्याने ती सहजी स्वीकारली गेली नाही.

तोनेगावा व नोबुमिची होझुमी यांनी १९७६ मध्ये या कल्पनेची प्रत्यक्ष कसोटी घेतली. उंदराच्या गर्भातील आणि प्रतिपिंड तयार करणाऱ्या अर्बुदातील डीएनए त्यांनी एकाच एंझाइमाने कापले. गर्भात दोन्ही भागांचे जीन निरनिराळ्या तुकड्यांवर आढळले. अर्बुदात ते एकाच तुकड्यावर होते. कोशिकेचा विकास होताना डीएनएची पुनर्रचना होते, हे यावरून सिद्ध झाले. माणसाच्या जड साखळीसाठी तीन प्रकारचे खंड असतात. त्यांची संख्या अनुक्रमे सुमारे ४०, २३ व ६ धरल्यास ५,५२० जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या सुमारे ३०० पर्यायांनी गुणल्यास ही संख्या १६ लाखांवर जाते. जोडावरील फेरफार व उत्परिवर्तने यांमुळे ती आणखी वाढते.

तोनेगावा १९८१ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाले. जड साखळीच्या जीनात, स्थिर भागाच्या अलीकडे, जीनाचे कार्य वाढविणारा एक वर्धक खंड असतो व तो लसीका कोशिकांतच प्रभावी ठरतो, असे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये दाखविले. पुनर्रचनेमुळे दूरचा परिवर्ती जीन या वर्धकाच्या कक्षेत येतो व कार्यान्वित होतो. जीनांची जुळणी व त्यांचे नियंत्रण या दोन गोष्टी अशा रीतीने परस्परांशी निगडित आहेत.

या संशोधनाचे वैद्यकीय महत्त्व मोठे आहे. पुनर्रचना घडविणाऱ्या एंझाइमाचे जीन (१९८९–९०) सदोष असल्यास बालकात गंभीर प्रतिरक्षान्यूनता उद्‌भवते. बर्किट लसीकार्बुदात पेशीवाढीस चालना देणारा एक जीन स्थानांतर होऊन बहुधा जड साखळीच्या जीनाजवळ येतो व अनिर्बंध कार्य करू लागतो. म्हणजे जी यंत्रणा शरीराचे रक्षण करते, तिच्यातील चूक घातकही ठरते.

१९९० नंतर तोनेगावा यांनी स्मृतीच्या रेणवीय व तंत्रिकीय आधाराच्या संशोधनाकडे लक्ष वळविले. जपान सरकारने त्यांना संस्कृती सन्मान (१९८४) दिला असून लास्कर पारितोषिकाचेही (१९८७) ते मानकरी आहेत.