संगणकाची कार्यप्रणाली कोण निवडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार थांबविला आणि एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. व्यावसायिक आस्थापनांनी विंडोज सोडून लिनक्ससारख्या पर्यायी प्रणालीकडे वळावे काय? बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाला हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. त्याच्या कचेरीतील आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक अजून उत्तम चालतात, पण विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर त्यांत नाही. वाढीव आधार विकत घ्यायचा तर आस्थापनांसाठीचा दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. बारा संगणकांची कचेरी असेल तर पाच हजार डॉलरांहून अधिक.

या विषयाची चर्चा बहुधा दोन प्रणालींच्या गुणदोषांची तुलना करून आटोपली जाते. प्रस्तुत लेखकाचे मत (अर्थात वैयक्तिक) थोडे निराळे आहे. आपल्या देशात मेजावरच्या संगणकात कोणती प्रणाली असावी हे आस्थापना स्वतः क्वचितच ठरवते. तिच्याकडून हिशेब, विवरणपत्र वा अर्ज मागणारा ते ठरवतो, आणि असा सर्वांत मोठा मागणारा म्हणजे शासन. बंगळुरूच्या संगणक-इतिहासातून हे पुरेसे स्पष्ट दिसते.

विदेशी चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्याच्या प्रश्नावर आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारतातील काम आवरले. त्या पोकळीत देशी कंपन्या उभ्या राहिल्या. विप्रोचा संगणक-विभाग बंगळुरूतच वाढला. यानंतर १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. ‘यांत्रिकीकरण’ हा शब्द लक्षात घ्यावा. ‘संगणकीकरण’ म्हटले की कर्मचारी संघटनांच्या कपाळावर आठ्या पडत, असा तो काळ होता. पुढच्या खरेदीत बँकांसाठी युनिक्स ही प्रमाण प्रणाली मानली गेली. कारण साधे होते. युनिक्स कोणा एका उत्पादकाच्या यंत्राला बांधलेली नव्हती, त्यामुळे अनेक देशी कंपन्यांना एकाच निविदेत उतरता येत होते. कोणत्याही बँक व्यवस्थापकाने दोन प्रणालींची तुलना करून हा निर्णय घेतलेला नव्हता. ग्राहक म्हणून शासकीय यंत्रणेने एक अट घातली आणि तिच्या अनुषंगाने युनिक्स जाणणाऱ्या अभियंत्यांची एक पिढी तयार झाली. इन्फोसिसची ‘बँक्स २०००’ ही बँकिंग प्रणाली याच वातावरणातली, आणि फिनॅकल ही तिची पुढची पिढी.

आयुर्विमा महामंडळाचे उदाहरणही याच जातीचे आहे. महामंडळाच्या शाखांतील काउंटरचे काम युनिक्सच्या काळापासून स्वतःच बांधलेल्या प्रणालीवर चालत असे. पुढे महामंडळ लिनक्सकडे वळले तेव्हा विशेष गाजावाजा झाला नाही, कारण लिपिकाच्या पडद्यावर पूर्वीसारखाच पॉलिसी क्रमांक आणि हप्ता दिसत होता. खालची प्रणाली बदलल्याचे त्याला कळण्याचेही कारण नव्हते.

खासगी लघुउद्योगांची कथा मात्र उलट दिशेने गेली, आणि तिचाही उगम बंगळुरूतच आहे. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यापाराचे हिशेब ठेवण्यास योग्य अशी संगणकप्रणाली मिळेना. त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ती स्वतः लिहिली. १९८६ मध्ये त्यातून जी कंपनी निघाली तिचे उत्पादन पुढे ‘टॅली’ या नावाने घरोघर, नव्हे, पेढीपेढीवर पोहोचले. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती उचितच होती. टॅली प्रथम डॉसवर चालत असे, नंतर विंडोजवर आली, आणि आजची टॅलीप्राइमही विंडोजसाठीच आहे. भारतीय व्यापाऱ्याने विंडोज निवडली असे म्हणण्यापेक्षा त्याने टॅली निवडली आणि विंडोज तिच्या मागोमाग दारात आली, असे म्हणणे अधिक वस्तुस्थितीला धरून होईल. व्यापारी टॅली वापरतो कारण त्याचा सनदी लेखापाल ती वापरतो, लेखापाल वापरतो कारण त्याचे इतर सर्व अशिलही तीच वापरतात, आणि मुनीम म्हणून नोकरी शोधणारा तरुण वर्ग लावून तीच शिकतो. २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. प्रत्येक नव्या कराबरोबर ही साखळी सैल होण्याऐवजी घट्ट झाली. अर्थशास्त्रात यास संक्रमण-खर्च म्हणतात. तो एकट्या आस्थापनेचा नसतो, साऱ्या साखळीचा असतो.

गंमत अशी की लिनक्सचा देशातील सर्वांत उत्साही प्रचार याच शहरात झाला. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी देण्यास आरंभ केला. मंदगती मोडेमच्या काळात ती सीडी म्हणजे अनेकांचे पहिले दर्शन होते. या उपक्रमामागे असलेले अतुल चिटणीस बंगळुरूकर. त्यांच्या पुढाकाराने २००१ पासून ‘लिनक्स बँगलोर’ ही परिषद भरू लागली, ती पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने चालली. चिटणीस २०१३ मध्ये निवर्तले. तोवर शहरातील कंपन्यांच्या सर्व्हरांवर लिनक्स स्थिर झाली होती, पण त्याच कंपन्यांच्या लेखाविभागातील मेजावर ती पोहोचली नव्हती. सर्व्हरची निवड अभियंते करतात. लेखाविभागाची निवड, म्हटल्याप्रमाणे, भलताच कोणी करतो.

येथे शासनाची भूमिका तपशिलाने पाहिली पाहिजे. २००६ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाची ‘एमसीए २१’ ही योजना सुरू झाली. तिचे अर्ज अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये भरावयाचे होते, आणि अ‍ॅडोबीने लिनक्ससाठीचा रीडर २०१३ नंतर अद्ययावत केला नाही. आयकराच्या विवरणपत्रासाठी एक्सेल व जावा अशी दोन साधने असत. त्यांपैकी जावाचे कोणत्याही प्रणालीवर चालू शके. २०२१ मध्ये नवे ऑफलाइन साधन आले ते विंडोजसाठी, आणि जावाचे मागे पडले. वस्तू व सेवा कराचे ऑफलाइन साधन लिनक्सवर वा मॅकवर चालत नाही हे तर त्याच्या सूचनांतच लिहिलेले होते. यांपैकी कोठेही ‘विंडोज वापरा’ असा आदेश नव्हता. २०१० च्या मुक्त मानकांच्या धोरणात आणि २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणात तर शासनाने नेमके विरुद्ध सांगितलेले आहे. पण ही धोरणे शासनाने काय विकत घ्यावे यावर बोलतात. नागरिकाला काय विकत घ्यावे लागते, याचा विचार अर्ज तयार करणाऱ्या विभागाच्या टिपणीत सहसा येत नाही.

असे अन्यत्रही घडले आहे. दक्षिण कोरियात ऑनलाइन व्यवहारांसाठी जी अधिकृत प्रमाणपत्रांची पद्धत १९९९ पासून रूढ झाली, ती व्यवहारात मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला जोडलेली होती. परिणामी, तंत्रज्ञानात अग्रेसर असलेला तो देश सुमारे दोन दशके एका ब्राउझरला खिळून राहिला. त्या प्रमाणपत्रांचे विशेष कायदेशीर स्थान डिसेंबर २०२० मध्ये संपले.

भारतीय भाषांच्या टंकांनीही हातभार लावला. शासकीय कन्नडसाठी ‘नुडी’ आली ती विंडोजवर. मराठीत श्रीलिपी, आकृती आणि आयएसएम यांची संकेतावली निरनिराळी होती. एकीतला मजकूर दुसरीत उघडला की अक्षरांची खिचडी. २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरले आणि हा अडसर निदान तत्त्वतः दूर झाला.

पूर्ण बदल करून पाहणाऱ्यांचे अनुभवही संमिश्र आहेत. म्युनिच नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. तिला बाहेरच्या कार्यालयांशी विंडोजच्याच दस्तऐवजांत व्यवहार करावा लागत होता, हे एक कारण सांगितले जाते. केरळच्या शाळांनी मात्र बदल टिकविला, कारण तेथे पाठ्यपुस्तक, शिक्षक-प्रशिक्षण आणि परीक्षा हे तिन्ही एकाच विभागाच्या हाती होते आणि तिन्ही एकाच दिशेला वळविले गेले.

काही जण यात सार्वभौमत्वाचा मुद्दा आणतात. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर नायारा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा काही दिवस थांबल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, हे खरे आहे. परंतु तेथे बंद पडली ती ई-मेल आदी दूरस्थ सेवा. मेजावर लिनक्स असती तरी तो प्रसंग टळला नसता. दोन्ही प्रश्नांची सरमिसळ करू नये.

मग पीण्यातील त्या उद्योजकाने काय करावे? बारापैकी जे संगणक पत्रव्यवहार, ई-मेल आणि ब्राउझर एवढ्यापुरतेच वापरले जातात, ते लिनक्सवर न्यावेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, जुन्यातच काम भागते. यंत्ररचनेचे आराखडे काढणारे संगणक, संबंधित प्रणाली विंडोजचीच असेल तर, बदलून घेणे भाग आहे. लेखाविभागाचे दोन संगणक राहतात. कंपनी मंत्रालयाचे अर्ज २०२२ पासून टप्प्याटप्प्याने थेट संकेतस्थळावर भरण्याजोगे झाले, तो एक अडसर कमी झाला. पण टॅली आहे, करांची ऑफलाइन साधने आहेत आणि दर महिन्याची मुदत आहे. त्या दोन संगणकांवर विंडोज ११ घेण्याचा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात धरावा.