माती खाणारी राणी
नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं मानतात. मी इंजिनीअर, पण कालिदासाच्याच ‘रघुवंशा’त एका जागी थबकलो. गरोदर राणी सुदक्षिणा माती खाते, आणि तिच्या तोंडाचा मातकट वास घेऊन राजाचं मन भरत नाही! कवी कारण देतो: मुलगा पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला मातीचे डोहाळे.

आज डॉक्टर याला ‘पायका’ म्हणतात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये तो खाण्याच्या विकारांत मोडतो. मागे बरेचदा लोहाची कमतरता असते.

राणीचं कौतुक झालं. आपल्या घरातली ताई मात्र लोक हसतील म्हणून माती, खडू लपूनच खाते. तिला रागवू नका राजेहो. हिमोग्लोबिन तपासून घ्या, मन कसं आहे तेही विचारा. टेली-मानसचा मोफत नंबर: १४४१६.