जलोदराचे पथ्य

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात दारूने यकृत निकामी झालेला रोगी इस्पितळातून घरी आला, की त्याची शुश्रूषा घरच्यांच्याच हाती येते. दारू कायमची सुटली, हे धरूनच पुढचे बोलायचे. पोटात पाणी भरते. त्याला आपण जलोदर म्हणतो. डॉक्टर सांगतात, मीठ तोडा. हे काही आजचे नाही बरे! चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे, की पाणी काढल्यावर पोट वस्त्राने गुंडाळावे, तूप-मिठाविना पेज द्यावी, सहा महिने दुधावर ठेवावे, पुढे तीन महिने दुधातली पेज, आणि शेवटचे तीन महिने सावा किंवा कोद्रा दुधाबरोबर, अळणी. वरी-नाचणी पिकवणाऱ्या आपल्या मावळाला हे ताट परके वाटू नये. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली 'सिरोसिस' हे नाव दिले, तेही यकृताच्या पिवळट रंगावरून. शुश्रूषेचे त्यात काही नव्हते.

मात्र जुने सगळेच उचलू नका. विसाव्या शतकात रोग्याची शुद्ध हरपेल या भीतीने डाळ, अंडी तोडत असत. त्याने अंगावरचे मांसच झडते, म्हणून वैद्यकाने ती रीत टाकली. उलट रात्री निजण्यापूर्वी चार घास द्यावेत. भाजी अळणी केली आणि ताटात पापड, लोणचे, सुकट वाढली, तर काय उपयोग? रोज सकाळी वजन लिहून ठेवा. दिवसा झोप नि रात्री जाग, असंबद्ध बोलणे, रक्ताची उलटी, शौचाला डांबरासारखे काळे होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळच्या एस. टी.साठी थांबू नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी मुळीच देऊ नका.