ट्यूबिंगेनचं ताट

ट्यूबिंगेनच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात, अधूनमधून मसूर आणि श्पेट्सले असायचं. घट्ट शिजवलेले तपकिरी मसूर, शेजारी अंडं घालून भिजवलेल्या पिठाचे आखूड, वेडेवाकडे, मऊ तुकडे आणि वर सॉसेज. श्वाबेन भागातलं हे घरोघरचं जेवण. मी सॉसेज नको म्हणायचे, मसुरावर थोडं व्हिनेगर शिंपडायचे आणि ट्रे घेऊन जागा शोधायचे. ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की पैसे वळते व्हायचे. तू कोणाची, कुठली, कोणाच्या ओळखीनं आलीस, असं कोणी विचारत नसे. या न विचारण्यापर्यंत यायला नेकार नदीकाठच्या या छोट्या गावाला जवळजवळ साडेचारशे वर्षं लागली.

विद्यापीठ १४७७ सालचं. पाठोपाठ बुर्झे नावाची मोठी इमारत उभी राहिली. विद्यार्थ्यांनी तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, एकत्र जेवायचं आणि राहण्या-जेवणाचे पैसे मोजायचे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी वेगळी वाट हवी होती. ती १५३६ साली व्युर्टेंबर्गच्या ड्यूक उलरिखनं काढली. धर्मसुधारणेनंतर मठांची मालमत्ता सरकारकडे आली होती. त्यानं हुशार मुलांसाठी श्टिफ्ट नावाचं वसतिगृह स्थापन केलं आणि काही वर्षांनी ते ऑगस्टिनियन साधूंच्या रिकाम्या मठात गेलं. तिथं राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. योहानेस केपलर तिथं शिकला. दोन शतकांनी हेगेल, ह्योल्डरलिन आणि शेलिंग एकाच काळात तिथं होते. केपलरच्या घरची गरिबी पाहता, हे ताट नसतं तर ग्रहांच्या कक्षांचा हिशेब कोणी आणि कधी मांडला असता, हा प्रश्न मला श्टिफ्टच्या भिंतीजवळून जाताना दर वेळी पडायचा.

पण त्या ताटाला अटी होत्या. शिकून व्युर्टेंबर्गच्या चर्चची किंवा शाळांची चाकरी करायची. पोशाख ठरलेला, उठण्याची वेळ ठरलेली. वागणूक चुकली की जेवणाबरोबरची वाइन कापायची, ही नेहमीची शिक्षा. केपलरचं धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं व्हायच्या आत, १५९४ साली, त्याला ग्राट्सला गणिताचा शिक्षक म्हणून धाडलं गेलं.

श्टिफ्टबाहेरच्या गरीब मुलांना गावाच्या दयेवर पोट भरावं लागे. मार्टिन ल्यूथर आयझेनाखला शाळेत असताना दारोदार गाणी म्हणून पाव मिळवायचा. कुठं एखादा गृहस्थ ठरलेल्या दिवशी विद्यार्थ्याला पानावर बसवायचा. आज या घरी, उद्या त्या घरी. ज्यू धर्मपाठशाळांतल्या मुलांचंही असंच चालायचं. हे वाचताना मला पुणं दिसायचं. आपल्याकडे वार लावून शिकलेल्या माणसांच्या आठवणी भरपूर आहेत, आणि त्या कृतज्ञतेनं लिहिलेल्या आहेत. वार मात्र जातीच्या ओळखीवर मिळायचा. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या कुणब्याच्या घरातले. त्यांना वार कोण देणार? ते भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमुळे शिकले.

भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, स्वतः राबायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडायला काढले. आमच्या घरी हे नेहमी सांगितलं जायचं. जर्मनीतही नेमकी तीच वर्षं विद्यार्थ्यांच्या भुकेची होती, हे मला ट्यूबिंगेनला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांनी विद्यापीठं भरली होती, आणि मध्यमवर्गाची शिल्लक भाववाढीत विरघळत होती. १९२३च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. मुलाच्या शिक्षणासाठी बापानं साठवलेल्या पुंजीत पाव येत नव्हता. परदेशी मदत आली, क्वेकरपंथीयांनी अन्न पुरवलं. पण विद्यार्थीही हातावर हात ठेवून बसले नाहीत. ते सुट्टीत खाणींत, कारखान्यांत, शेतांवर कामाला जाऊ लागले. फेब्रुवारी १९२१मध्ये ट्यूबिंगेनमध्येच विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्यासाठी देशव्यापी संस्था स्थापन झाली. आजच्या मेन्सा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या यंत्रणेचं मूळ तिथं आहे. यजमानाच्या मर्जीवरचं जेवण विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संघटनेच्या हाती आलं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. आजोबांच्या बोर्डिंगमधली ‘कमवा आणि शिका’ म्हणणारी मुलं आणि हे जर्मन मजूर-विद्यार्थी एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटते तर पहिल्याच वाक्यात एकमेकांना ओळखते.

बायका या पंगतीत उशिरा आल्या. मारिया फॉन लिंडेन १८९२ साली खास परवानगीनं वर्गात बसली. मुलींना रीतसर प्रवेश १९०४ साली मिळाला.

आणि मग, १९२१नंतर बारा वर्षांतच, ताट हिसकावलंही गेलं. २५ एप्रिल १९३३च्या नाझी सरकारच्या कायद्यानं नव्या प्रवेशांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं, आणि विद्यार्थी-साहाय्याची दारंही त्यांच्यासाठी बंद झाली. स्वयंपाकघर तेच, टेबलं तीच. फक्त जेवणारा कोण हा प्रश्न परत आला. मेन्साच्या रांगेत उभी असताना मला श्टिफ्टच्या अटींपेक्षा हे जास्त आठवायचं, कारण श्टिफ्टच्या अटी निदान आधी सांगितलेल्या होत्या.

युद्धानंतर ही व्यवस्था पुन्हा उभारली गेली. १९७१ साली विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी आर्थिक मदत कायद्यानंच मिळू लागली, कोणाच्या कृपेनं नव्हे. परदेशी विद्यार्थिनी म्हणून मला ती लागू नव्हती. मेन्सा मात्र लागू होती, कारण तिच्या खर्चात सरकारी अनुदानाबरोबर विद्यार्थ्यांची वर्गणीही असते, आणि दर सत्राच्या सुरुवातीला ती वर्गणी मीही भरत होते.